बाहुली ज्याच्या वाट्याला

मेक्सिकोच्या संघीय कामगार कायद्याचं ७४वं कलम वाचायला दोन मिनिटंही लागत नाहीत. सक्तीच्या पगारी सुट्ट्यांची यादी त्यात आहे. १ जानेवारी, फेब्रुवारीचा पहिला सोमवार, मार्चचा तिसरा सोमवार, १ मे, १६ सप्टेंबर, नोव्हेंबरचा तिसरा सोमवार, २५ डिसेंबर. दर सहा वर्षांनी नवा राष्ट्राध्यक्ष सूत्रं हाती घेतो तो दिवस आणि निवडणुकीचं मतदान, एवढं जोडलं की यादी संपली. महाराष्ट्रातून नोकरीसाठी तिथे गेलेल्या माणसाला ती फारच किडकिडीत वाटते. वार्षिक रजेचंही तेच. पहिल्या वर्षी जेमतेम सहा दिवस मिळायचे, ते २०२३पासून बारा झाले.

यादीत काय नाही ते पाहिलं तर आणखी नवल वाटतं. ज्या सणासाठी मेक्सिको जगभर ओळखला जातो, तो नोव्हेंबरातला मृतांचा दिवस तिच्यात नाही. ग्वादालूपेच्या मातेचा १२ डिसेंबर नाही. २४ डिसेंबरची रात्र नाही, तीन राजांचा ६ जानेवारी नाही, १० मेचा मातृदिनही नाही. त्या १० मेला दुपारनंतर कार्यालयात कुणी सापडत नाही आणि हॉटेलात जागा मिळत नाही, हा भाग वेगळा. २ नोव्हेंबर आणि १२ डिसेंबरला बँका बंद असतात. बाकी सगळं साहेबाच्या समजूतदारपणावर. आणि अमेरिकेतले बार ज्या ५ मेला ‘मेक्सिकन सण’ म्हणून टोप्या वाटतात, तो दिवसही या यादीत सापडत नाही. १८६२ साली पुएब्ला इथे फ्रेंच सैन्याचा पराभव झाला त्याची ती आठवण. पुएब्लात मोठं संचलन होतं, इतरत्र बहुतेक लोक कामावर जातात.

थोडक्यात, तिथे दोन कॅलेंडरं चालतात. पहिल्यातल्या तीन सुट्ट्या २००६ साली मूळ तारखांवरून उचलून सोमवारी बसवण्यात आल्या, म्हणजे लांबलचक शनिवार-रविवार मिळावेत आणि लोकांनी प्रवासाला जावं. त्याला तिथे पुएंते म्हणतात. लोक खरंच समुद्रावर जातात, आणि फेब्रुवारीतला राज्यघटना दिन कशाचा म्हणून पाळतात हे त्या सोमवारी कुणाला फारसं आठवत नाही. दुसऱ्या कॅलेंडरातले सण मात्र माणसाकडून काहीतरी मागतात. फोटो मागतात, फुलं मागतात, गाणं म्हणायला लावतात, खिशात हात घालायला लावतात. नव्याने आलेल्या परदेशी माणसाचं बस्तान मेक्सिकोत बसतं ते या मागण्यांमुळे, असं माझं मत आहे. इमिग्रेशनचं कार्ड हाती येणं हा त्यातला सोपा भाग.

तो सोपा भाग आधी उरकून घेऊ. ग्वादालाहारा, मोंतेर्रेय, केरेतारो या शहरांत भारतीय आयटी कंपन्यांची कार्यालयं आहेत, आणि बहुतेक मराठी माणसं त्यांच्याच वाटेने येतात. फिरायला येणाऱ्या भारतीयाकडे अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. राहायला यायचं तर तात्पुरत्या निवासाचा व्हिसा घ्यावा लागतो. देशात पाऊल ठेवल्यापासून तीस दिवसांच्या आत राष्ट्रीय स्थलांतर संस्थेत जाऊन त्याच्या बदल्यात कार्ड मिळवण्याची प्रक्रिया सुरू करावी लागते. हे कार्ड नूतनीकरण करत चार वर्षांपर्यंत चालतं, पुढे कायम निवासाची वाट असते. या खिडक्यांवर मराठी माणसाची एक गंमत होते. मेक्सिकोत प्रत्येकाला दोन आडनावं असतात, पहिलं वडिलांकडचं, दुसरं आईकडचं, आणि फॉर्मवर दोन्हींना स्वतंत्र चौकट असते. आपल्याकडे मधे वडिलांचं नाव आणि शेवटी एकच आडनाव. खिडकीपलीकडची बाई दुसऱ्या रिकाम्या चौकटीकडे आणि मग आपल्याकडे अशी काही बघते, की या बिचाऱ्याला आई नाहीच की काय.

पहिली खरी अडचण येते घर भाड्याने घेताना. पगाराची चिठ्ठी दाखवा, कंपनीचं पत्र दाखवा, तरी मालक विचारतो, जामीन कोण? जामीनदार साधासुधा चालत नाही. त्याच्या नावावर शक्यतो त्याच शहरात घर असावं लागतं. परवा विमानातून उतरलेल्या माणसाने असा जामीनदार कुठून आणायचा? त्यावर तोडगे निघाले आहेत. जास्त अनामत भरता येते, किंवा वकिली संस्थेकडून पैसे भरून हमीपत्र घेता येतं. पण या अडचणीतून देशाची रीत लवकर कळते. तुमची कागदपत्रं खरी की खोटी हा प्रश्न नंतरचा. तुमच्यासाठी कोण उभा राहील, हा आधीचा.

हीच रीत पुढे सगळीकडे भेटते. मुलीच्या पंधराव्या वाढदिवसाचा मोठा सोहळा असतो. त्यात केकचे धर्मपिता वेगळे, वाजंत्र्यांचे वेगळे, पोशाखाचे वेगळे. म्हणजे खर्चाचा एकेक तुकडा एकेका जोडप्याने मानाने उचललेला असतो, आणि त्यानंतर ती माणसं त्या घराच्या नात्यातली धरली जातात. कार्यालयात तांदा चालते. तांदा म्हणजे आपली भिशी, अगदी तीच. ठरलेली रक्कम दर पंधरवड्याला सगळ्यांनी द्यायची, दर वेळी एकाने उचलायची. पंधरवडा अशासाठी, की तिथे पगार बहुधा पंधरा दिवसांनी होतो. नव्या माणसाला तांदेत लगेच घेत नाहीत. घेतलं, आणि वरचा नंबर दिला, तर समजावं की हा पैसे घेऊन पळणार नाही अशी कुणीतरी पाठीमागे ग्वाही दिलेली आहे.

मेक्सिकोत असं बस्तान बसवलेला एक मराठी माणूस शंभर वर्षांपूर्वीचा आहे. वर्ध्यात जन्मलेले, गदर चळवळीतले क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे १९२४च्या सुमारास तिथे पोहोचले. ब्रिटिशांच्या भीतीने मायदेशी परतणं शक्य नव्हतं. अमेरिकेत असताना मेक्सिकन क्रांतिकारकांशी झालेल्या ओळखी कामी आल्या, आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते शिकवू लागले. मक्याच्या वाणांवर त्यांनी काम केलं, शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषी शाळा उघडल्या. छायाचित्रकार तीना मोदोत्ती हिने त्या कामाची छायाचित्रं काढली. दिएगो रिवेराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर ‘आमची रोजची भाकर’ हे चित्र काढलं, त्यात पंगतीच्या अग्रभागी बसलेला माणूस खानखोज्यांच्या चेहऱ्याचा आहे. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ साली नागपुरात वारले. चापिंगोत आता त्यांचा पुतळा आहे. पुतळ्यापेक्षा ती पंगत मला महत्त्वाची वाटते. परक्या देशाने माणसाला चित्रात का होईना, यजमानाच्या जागी बसवलं.

सणांची रांग सप्टेंबरात सुरू होते. १५ तारखेच्या रात्री अकराच्या सुमाराला राष्ट्राध्यक्ष राजवाड्याच्या सज्जात येऊन घंटा वाजवतात आणि १८१० साली मिगेल इदाल्गो या धर्मगुरूने दोलोरेस गावात दिलेल्या हाकेची आठवण म्हणून जयघोष करतात. चौकाचौकांत महापौर तेच करतात. याच हंगामात पुएब्लाचा प्रसिद्ध पदार्थ मिळतो. भरलेल्या मोठ्या हिरव्या मिरचीवर अक्रोडाची पांढरी चटणी आणि डाळिंबाचे लाल दाणे, म्हणजे ताटातच झेंडा. लगेच १९ तारखेला साऱ्या देशात भूकंपाचा सराव होतो. १९८५चा मोठा भूकंप त्या तारखेचा, २०१७चाही त्याच तारखेचा, आणि २०२२ साली तर सराव आटोपल्यावर तासाभरात खरा भूकंप झाला. जिना कुठला, अंगणात कुठे उभं राहायचं, हे शेजाऱ्यांकडून समजून घ्यायला हा दिवस उत्तम. ओळखी अशानेही होतात.

ऑक्टोबर संपत आला की बाजारात झेंडूचे ढीग लागतात. हे फूल मूळचं तिथलंच. तिथे त्याला सेम्पासूचिल म्हणतात. पोर्तुगीज काळात ते आपल्याकडे आलं आणि दसऱ्याच्या तोरणात जाऊन बसलं. दसरा-दिवाळी आणि मृतांचा दिवस जवळपास एकाच हंगामात येत असल्यामुळे तिथल्या मराठी घरांना फुलांची चिंता नसते. फक्त दारावर झेंडूचं तोरण बांधलं, तर या घरात कोण गेलं असं शेजारीण हळूच विचारण्याची शक्यता असते. कारण त्या आठवड्यात झेंडू मृतांसाठी असतो. त्याच्या वासाने आणि रंगाने त्यांना घरची वाट सापडते असा समज आहे. म्हणून काही ठिकाणी दारापासून घरातल्या मांडणीपर्यंत पाकळ्यांची वाट काढतात.

ही मांडणी म्हणजे ओफ्रेंदा. पायऱ्यापायऱ्यांचं टेबल, त्यावर गेलेल्यांचे फोटो, मेणबत्त्या, पाण्याचा पेला, मीठ, कोपाल नावाच्या राळेचा धूप, नक्षी कातरलेले रंगीत कागद, आणि वर हाडांच्या आकाराच्या पट्ट्या असलेला गोडसर पाव. १ नोव्हेंबर गेलेल्या लहान मुलांचा, २ नोव्हेंबर मोठ्यांचा. पितृपक्ष आठवणं साहजिक आहे, पण फरकही डोळ्यांत भरतो. इथे मंत्र नाहीत, वर्ज्य-अवर्ज्य नाही, आणि हे दिवस अशुभ तर मुळीच नाहीत. आजोबांना अमुक छापाची बिअर आवडायची तर तीच बाटली ठेवतात, आत्या सिगारेट ओढायची तर पाकीट ठेवतात. रात्रभर कबरस्तानात बसतात, खातात, गातात, कुणी वाजंत्री बोलावतं. पात्स्क्वारो सरोवरातलं हानित्सिओ बेट आणि राजधानीच्या टोकाचं मिश्किक ही गावं त्यासाठी प्रसिद्ध आहेत. तिथे आता कॅमेरेवाल्यांची इतकी गर्दी होते, की मला विचाराल तर ओळखीच्या एखाद्या घरची ओफ्रेंदा मांडायला जावं, ते जास्त बरं.

या सणाला फार जुना सण म्हणताना थोडं जपून बोलावं लागतं. मृतांना नैवेद्य दाखवण्याची पद्धत स्पॅनिश लोक येण्याआधीची आहे, आणि युनेस्कोच्या यादीत हा सण २००८ साली गेला. पण हॅट घातलेली नखरेल सांगाड्याची बाई, कात्रीना, ही होसे ग्वादालूपे पोसादा या चित्रकाराची. तो १९१३ साली वारला. तिला पायघोळ झगा मिळाला तो रिवेराच्या १९४७च्या भित्तिचित्रात. आणि राजधानीतली भव्य शोभायात्रा तर २०१६ साली सुरू झाली, कारण आदल्या वर्षी आलेल्या जेम्स बाँडच्या ‘स्पेक्टर’ चित्रपटात तशी शोभायात्रा दाखवली होती आणि पर्यटक तिची चौकशी करू लागले होते. चित्रपटाने कल्पिलेली प्रथा शहराने खरी करून दाखवली, आणि आता लोक तिला मुलाबाळांसकट गर्दी करतात. परंपरा कधी सुरू झाली हे विचारण्यात मेक्सिकन माणसाला फारसा रस नसतो. तुम्ही येणार की नाही, एवढंच तो विचारतो.

कार्यालयातही ओफ्रेंदा मांडतात, आणि नव्या माणसाला विचारतात, तुमचं कुणी आहे का ठेवायला? म्हणजे गेलेल्या माणसाचा फोटो. लातूरच्या किंवा कोल्हापूरच्या आजीचा फोटो तिथल्या कुणाच्या तरी काकांच्या शेजारी ठेवला जातो, आणि आजीला काय आवडायचं याची बारीक चौकशी होते. त्याच दिवसांत कालावेरिता लिहितात. जिवंत माणसावर, तो मेला असं समजून रचलेलं चेष्टेचं यमकबद्ध कवन. मृत्यूबाई येते आणि लेखा विभागातल्या गोन्सालेसला बिलं तपासता तपासता उचलून नेते, अशा थाटाचं. व्यंगचित्रांसह अशी कवनं एकोणिसाव्या शतकापासून छापली जात आहेत, आणि त्यांतून मंत्रीसुद्धा सुटत नाहीत. सहकाऱ्यांनी तुम्हाला कवनात मारलं तर वाईट वाटून घेऊ नये. ज्याच्याशी काही देणंघेणं नाही त्याला कोण कशाला मारील?

डिसेंबर म्हणजे वेगळंच प्रकरण. २० तारखेच्या आत किमान पंधरा दिवसांच्या पगाराएवढा बोनस देणं मालकावर कायद्याने बंधनकारक आहे. त्याला आगिनाल्दो म्हणतात, आणि तो हाती आला की देशाचं काम मंदावतं. १२ डिसेंबर ते ६ जानेवारी या काळाला लोक विनोदाने ग्वादालूपे-रेयेस मॅरेथॉन म्हणतात. ग्वादालूपेच्या सणापासून रेयेस म्हणजे तीन राजांच्या सणापर्यंत न थांबता खात-पीत धावायचं. घराची नोंदणी, दुरुस्ती, बँकेतलं अडकलेलं काम, काहीही या काळात विचारलं तर उत्तर जानेवारीचं मिळतं. ते निमूट मान्य करावं.

सुरुवात ग्वादालूपेच्या मातेपासून, म्हणजे मेरीच्या तिथल्या रूपापासून. १५३१च्या डिसेंबरात तेपेयाक टेकडीवर ती हुआन दिएगो नावाच्या आदिवासी माणसाला दिसली आणि त्याच्या अंगरख्यावर तिची प्रतिमा उमटली, अशी श्रद्धा आहे. त्याच टेकडीवर आधी तोनान्त्सिन या देवीमातेची पूजा होत असे, हे सोळाव्या शतकातल्या मिशनऱ्यांनीच नाराजीने नोंदवून ठेवलं आहे. आजचं गोल, तंबूसारख्या छपराचं देवालय १९७६ सालचं. त्यात प्रतिमेखाली सरकते पट्टे बसवले आहेत, म्हणजे गर्दी एका जागी खिळून राहू नये. ११ तारखेच्या रात्री लाखो माणसं पायी, सायकलवर, ट्रकमधून तिथे पोहोचतात आणि मध्यरात्री तिला वाढदिवसाचं गाणं म्हणतात. वाटेवरच्या वस्त्यांतले लोक त्यांना फुकट जेवण, पाणी, चहा देतात. या सेवेत हात घातला तर कुणी तुमचा धर्म विचारत नाही.

१६ ते २४ डिसेंबर या नऊ रात्री पोसादांच्या, म्हणजे आसरा मागण्याच्या. राजधानीच्या ईशान्येला आकोल्मान नावाचं गाव आहे. तिथल्या ऑगस्टिनियन साधूंनी १५८०च्या दशकात पोपची परवानगी काढून नाताळाआधी नऊ प्रार्थना उघड्यावर सुरू केल्या. अस्तेकांचा हुइत्सिलोपोच्त्ली देवाचा उत्सव याच सुमाराला असायचा. त्याची गर्दी चर्चच्या अंगणात वळवण्याचा तो प्रयत्न होता. पुढे प्रार्थना मागे पडली, आणि चर्चच्या अंगणातला प्रकार गल्लीत आला.

आता गल्लीत काय होतं ते सांगतो. मेरी आणि जोसेफ बेथलेहेममध्ये रात्रीचा आसरा शोधत फिरले, त्याचं हे नाट्य. शेजारी नऊ घरं वाटून घेतात, एकेका घरी एकेक रात्र. जमलेल्या माणसांचे दोन भाग होतात. एक गट हातात मेणबत्त्या आणि मूर्ती घेऊन बंद दाराबाहेर थांबतो, दुसरा घरात. बाहेरचे गाण्यातून आसरा मागतात, आतले गाण्यातूनच नकार देतात. आतल्यांची भाषा काही भक्तिभावाची नसते. तुम्ही चोर-लफंगे असाल, चालते व्हा, नाहीतर काठी काढतो, असा एकूण सूर. बाहेरचा जोसेफ आपली बायको अवघडलेली आहे, फार लांबून आलो, अशी विनवणी करत राहतो. कडव्यामागून कडवं जातं, मेण बोटांवर ओघळतं, थंडी वाजते, आणि एकदाचं दार उघडतं. मग सूर बदलतो आणि सगळे आत.

गाण्याचे कागद वाटलेले असतात, त्यामुळे स्पॅनिश कच्चं असलं तरी चालतं. परदेशी माणसाला पहिल्या वर्षी बाहेरच्या गटात उभं करतात, पाहुणा म्हणून. त्याला ते शोभतंही. घर भाड्याने मिळवताना त्याने यातली बरीच उत्तरं गद्यात ऐकलेली असतात. वर्ष-दोन वर्षांत त्याला आतल्या गटात बोलावतात, आणि मग त्यालाही दाराआडून लोकांना हाकलून लावण्याची मजा कळते. आतल्या गटाला आणखी एक फायदा असतो. स्वयंपाकघरातल्या पोंचेच्या पातेल्याजवळ त्याला आधी जाता येतं.

पोंचे म्हणजे मोठ्या पातेल्यात उकळलेला फळांचा गरम काढा. पेरू, उसाचे तुकडे, सुके आलुबुखार, दालचिनी, कच्चा गूळ, आणि तेहोकोते नावाचं बोराएवढं किंवा त्याहून थोडं मोठं, केशरी, थंडीतच येणारं फळ. मोठ्यांच्या पेल्यात मागितल्यास रम पडते, न मागितल्यास तो काढा शाकाहाऱ्यांपासून लहान मुलांपर्यंत सगळ्यांना चालतो. मग पिन्याता. सात टोकांचा, कागदी झिरमिळ्यांचा मोठा तारा दोरीवर टांगतात. सात टोकं म्हणजे सात पापं, डोळ्यांवरची पट्टी म्हणजे आंधळी श्रद्धा, काठी म्हणजे सदाचाराचं बळ, असं मिशनऱ्यांनी शिकवलं. मुलांचं लक्ष फक्त पोटातल्या मालावर असतं. शेंगदाणे, संत्री, ऊस, आणि चिंच-तिखट-मिठाची गोळी. चिंच आशियातून स्पॅनिश जहाजांनी तिकडे गेली, मिरची तिकडून इकडे आली, आणि दोघींची गाठ पडून तयार झालेल्या या गोळीची मराठी पोराला ओळख करून द्यावी लागत नाही. पिन्याता फुटली की लांब उभं राहावं. पोरांबरोबर काकूही झेपावतात.

कंपनीच्या वर्षअखेरच्या मेजवानीलाही हल्ली पोसादाच म्हणतात. तिथे दार नसतं, मेणबत्ती नसते. भाड्याचा हॉल, लाऊडस्पीकर, सोडत आणि चिठ्ठ्या टाकून ठरवलेली भेटवस्तूंची अदलाबदल. तिच्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. फक्त चिठ्ठीत ज्याचं नाव आलं त्याला भेट न्यायला विसरू नये.

२४च्या रात्री जेवण मध्यरात्रीकडे झुकतं. खारवलेला कॉड मासा, मोले रश्शातली रोमेरितोस नावाची पालेभाजी, टर्की, बिटाची कोशिंबीर. पालेभाजी पाहून शाकाहारी माणसाने हुरळून जाऊ नये, तिच्यात सुकी कोळंबी असते. घरातल्या देखाव्यात गव्हाणी आत्तापर्यंत रिकामी असते. बाळ येशूची मूर्ती त्या रात्री जोजवून तिच्यात ठेवतात, आणि देखावा २ फेब्रुवारीपर्यंत हलवत नाहीत. २८ डिसेंबर हा थापांचा दिवस. त्या दिवशी उसनं दिलेलं परत मिळत नाही, उलट देणाऱ्याचीच टर उडवतात. ३१ला बारा ठोक्यांवर बारा द्राक्षं, आणि नव्या वर्षी प्रवास घडावा म्हणून रिकामी बॅग ओढत गल्लीला एक फेरी.

मग येतो ६ जानेवारी. मध्य आणि दक्षिण मेक्सिकोत मुलांना खेळणी आणतात ते तीन राजे, मेल्चोर, गास्पार आणि बाल्तासार. उत्तरेत सांताक्लॉजचा जोर जास्त. त्या दिवशी घरोघरी आणि कार्यालयांतही रोस्का कापतात. रोस्का म्हणजे लंबगोल कड्याच्या आकाराचा गोड पाव, वर साखरेची पेस्ट आणि रंगीत मुरवलेल्या फळांच्या पट्ट्या. पूर्वी यात बिस्नागा नावाच्या निवडुंगाचा मुरंबा असायचा. तो निवडुंग संपत चालल्याने त्यावर बंदी आली, आता बहुतेक बेकऱ्या फळांची वडी वापरतात. पावाच्या पोटात छोट्या बाहुल्या दडवलेल्या असतात. हेरोद राजापासून लपवलेला बाळ येशू तो हाच. बाहुली एके काळी चिनी मातीची असायची, आता प्लॅस्टिकची.

नियम असा, की ज्याने त्याने आपला तुकडा आपणच कापायचा. म्हणजे दोष कुणाला देता येत नाही. तुकड्यात बाहुली निघाली तर २ फेब्रुवारीला सगळ्यांना तमाल खायला घालायचे. मोठ्या रोस्क्यात अनेक बाहुल्या असतात, त्यामुळे खर्च वाटला जातो. तरीही सुरी कुठे लावायची याचा लोक गंभीरपणे विचार करतात. बाहुली हळूच रुमालात दडवणारे असतात, पावाच्या उरलेल्या भागात परत खुपसणारे असतात, आणि गिळल्याच्या कथा तर दरवर्षी ऐकू येतात. नव्या माणसाला बाहुली निघाली की टाळ्या पडतात आणि त्याचं नाव कुठल्या तरी फळ्यावर लिहिलं जातं.

२ फेब्रुवारी हा कान्देलारियाचा दिवस. येशूला जन्मानंतर चाळीस दिवसांनी मंदिरात नेलं, त्याची आठवण. घरची बाळमूर्ती नवे कपडे घालून चर्चमध्ये न्यायची असते, आणि रीतीप्रमाणे हा खर्चही बाहुलीवाल्याचा, कारण तो आता तिचा धर्मपिता. राजधानीत मेर्सेद भागातली तालाबेरा गल्ली जानेवारीभर या कपड्यांनी भरलेली असते. संतांचे वेष, डॉक्टरचा कोट, आणि चर्चला अजिबात न आवडणारा फुटबॉल संघाचा शर्टसुद्धा. सोचिमिल्कोत तर याहून मोठी गोष्ट घडते. तिथे निन्योपान नावाची बाळमूर्ती आहे, सोळाव्या शतकातली मानतात. ती चर्चमध्ये राहत नाही. दरवर्षी २ फेब्रुवारीला ती नव्या यजमानाच्या घरी जाते आणि वर्षभर तिथे राहते. यजमानाने तिच्यासाठी खास खोली सजवायची, रोज येणाऱ्या-जाणाऱ्यांना जेवू घालायचं. या खर्चात पडण्यासाठी कुटुंबं कित्येक दशकं आधी नाव नोंदवून ठेवतात. नोंदवणाऱ्याच्या हयातीत पाळी येईलच असं नाही, कधी ती मुलाला लागते.

त्यामानाने कार्यालयातले तमाल किरकोळच. चुन्याच्या पाण्यात शिजवून वाटलेल्या मक्याचं पीठ चरबी घालून फेटायचं, सारण भरायचं, मक्याच्या सालपटात किंवा दक्षिणेकडे केळीच्या पानात गुंडाळून वाफवायचं. पावसाच्या देवांना या सुमाराला मक्याचे नैवेद्य दाखवायची जुनी पद्धत इथे मिसळली आहे. तमालवालीकडे आठवडाभर आधी सांगून ठेवावं, ऐनवेळी मिळत नाहीत. हिरव्या चटणीचे, मोलेचे, गुलाबी गोडाचे आणि मिरचीच्या पट्ट्या-चीजचे, म्हणजे राहासचे, वेगवेगळे मोजून घ्यावेत. राहासचे शाकाहारी असतात असं ती सांगेल. पिठात डुकराची चरबी आहे की तेल, हे तिला वेगळं विचारावं लागतं, कारण चरबीला ती मांस धरत नाही. आणि अतोलेचा, म्हणजे मक्याच्या गरम पेजेचा, मोठा डबा बरोबर न्यायचाच. तमाल आणले आणि अतोले विसरला, अशा माणसाची आठवण पुढचा रोस्का कापेपर्यंत निघत राहते.